घरी बनवलेल्या टू-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारं सर्किट: खालचे सूर वूफरला, वरचे ट्विटरला. खाली जिथे आकडे आले आहेत तिथे एकच जोडी डोळ्यांसमोर आहे: साडेसहा इंची वूफर (८ ओहम, डीसी रोध ५.७ ओहम, कॉइलचं इंडक्टन्स ०.७ मिलिहेन्री, संवेदनशीलता ८७ डेसिबल), २५ मिलिमीटरचा घुमटाकार ट्विटर (८ ओहम, अनुनाद, म्हणजे तो स्वतःहून सर्वाधिक कंप पावतो ती वारंवारता, ९०० हर्ट्झ, ९० डेसिबल) आणि २० सेंटिमीटर रुंद दर्शनी फळी, म्हणजे बॅफल. तुमची जोडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

ट्विटरला एक कंडेन्सर लावला की झालं, असं ऐकलंय. तेवढ्याने भागत नाही का?

आवाज येईल, ट्विटर लगेच जळणारही नाही. पण ट्विटरवर ताण येतो आणि तो ऐकू येतो. कारण असं: वारंवारता निम्मी झाली की तेवढाच आवाज द्यायला ट्विटरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. एका कंडेन्सरने मिळणारा उतार ६ डेसिबल प्रति सप्तक, म्हणजे व्होल्टेज फक्त निम्मं होतं. चौपटीचं निम्मं केलं तरी दुप्पट उरतेच. म्हणजे खाली जाल तसा पडदा जास्तच हलतो. त्यात अनुनादापाशी, आपल्या उदाहरणात ९०० हर्ट्झला, ट्विटरचा रोध ८ वरून १५-२० ओहमपर्यंत चढतो आणि कंडेन्सरचा अडसर तिथे जवळजवळ निकामी होतो. बायकांच्या आवाजातला किरकिरेपणा, टाळांचा चिरका नाद, याचं मूळ बहुधा इथे असतं. कंडेन्सरसोबत एक समांतर कॉइल आली की उतार १२ डेसिबल होतो आणि पडद्याची हालचाल आटोक्यात राहते. एवढं तरी हवंच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तयार क्रॉसओव्हर बोर्ड मिळतात. ते घेतले तर?

त्या पैशात चांगले कंडेन्सर घ्या. बोर्डवर ‘टू-वे, ३ किलोहर्ट्झ, ८ ओहम’ असं छापलेलं असतं, पण तो ज्याने बनवला त्याला तुमचा वूफर ठाऊक नाही, ट्विटर ठाऊक नाही, पेटीची रुंदी तर नाहीच नाही. त्याने वूफरच्या जागी ८ ओहमचा साधा रेझिस्टर आहे असं धरून हिशोब केलेला असतो. वूफर असा रेझिस्टर कधीच नसतो.

मग पुस्तकातली सूत्रं चुकीची आहेत का?

सूत्रं बरोबर आहेत, ती लावायची जागा चुकते. दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे १२ डेसिबल उताराच्या, लिंकविट्झ-रायली या फिल्टरप्रकाराचा हिशोब सोपा आहे. कंडेन्सरसाठी ७९,५७७ ला रोधाने आणि वारंवारतेने भागा, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. कॉइलसाठी ३१८.३ ला रोधाने गुणा आणि वारंवारतेने भागा, उत्तर मिलिहेन्रीमध्ये. ८ ओहम आणि २५०० हर्ट्झला येतं ३.९८ मायक्रोफॅरड आणि १.०२ मिलिहेन्री.

आता हेच आपल्या वूफरला लावून बघा. २५०० हर्ट्झला त्याच्या ०.७ मिलिहेन्रीचा अडथळा ११ ओहम होतो. ५.७ ओहमच्या डीसी रोधाशी त्याची सांगड घातली की एकूण रोध येतो १२ ओहमच्या आसपास. फिल्टरला वाटत होतं समोर ८ आहेत, निघाले १२. त्या वारंवारतेला पातळी ६ डेसिबलने उतरायला हवी होती, ती उतरते जेमतेम अडीच डेसिबल. तेही १२ ओहम साधा रेझिस्टर आहे असं धरून. प्रत्यक्षात तो भार कॉइलसारखा वागतो आणि गणित आणखी बिघडतं. शिवाय वूफरचा स्वतःचा आलेख सपाट नसतो: दीड-दोन किलोहर्ट्झपाशी उंचवटा, चार-पाच किलोहर्ट्झला शंकूच्या कंपनाची शिखरं.

म्हणून क्रॉसओव्हरला दोन कामं असतात, वाटणी आणि दुरुस्ती. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात प्रसारणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर घ्या. केईएफचा बी११० वूफर आणि टी२७ ट्विटर, वाटणी सुमारे ३ किलोहर्ट्झवर. एवढ्याशा स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये नुसत्या वाटणीला लागतात त्याहून कितीतरी जास्त भाग आहेत, कारण बरेचसे आलेख सरळ करण्यासाठी घातले आहेत.

वाटणी किती हर्ट्झवर करावी?

तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ट्विटरचा अनुनाद. त्याच्या किमान दुप्पट वर राहा. आपल्याकडे ९००, म्हणजे १८०० च्या खाली जायचं नाही.

दुसरी, वूफरचा आकार. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर. ध्वनीची तरंगलांबी तेवढी होते २६०० हर्ट्झच्या आसपास. तिथून पुढे वूफर आवाज समोरच फेकू लागतो, बाजूला बसलेल्याला तो कमी ऐकू येतो. ट्विटर मात्र त्याच जागी सगळीकडे पसरत असतो. वाटणी वर नेली तर समोर मोजताना आलेख सरळ दिसतो आणि खोलीत आवाज विस्कटलेला लागतो. पाच इंची वूफर घेतला तर तीन किलोहर्ट्झपर्यंत मोकळीक मिळते.

तिसरी, दोन्ही ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर आणि ट्विटरच्या, केंद्रांमधलं अंतर. ते एका तरंगलांबीएवढं असेल तर ३० अंश वर आणि ३० अंश खाली आवाजात खड्डा पडतो. १५ सेंटिमीटरची तरंगलांबी येते २३०० हर्ट्झला. म्हणून ट्विटर आणि वूफरच्या कडा जवळजवळ टेकतील इतके ते जवळ बसवा.

तिन्ही मिळून आपल्या जोडीला २००० ते २२०० हर्ट्झ ही जागा सुचते.

उतार १२ चा ठेवावा की २४ चा? बटरवर्थ की लिंकविट्झ-रायली?

लिंकविट्झ-रायली, आणि ध्वनीचा उतार २४ डेसिबलचा. ‘ध्वनीचा’ या शब्दावर सगळा भर आहे. सर्किटचा उतार आणि मायक्रोफोनला दिसणारा उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला घडवायचा आहे तो दुसरा. ट्विटर स्वतःच अनुनादाखाली १२ डेसिबलने उतरत असतो, वूफरही वरच्या टोकाला उतरतच असतो. त्यामुळे सर्किट दुसऱ्या श्रेणीचं, म्हणजे प्रत्येकी एक कॉइल आणि एक कंडेन्सर, असलं तरी दोन्ही मिळून चौथ्या श्रेणीच्या जवळ जाता येतं. भाग कमी, उतार तीव्र.

सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते. लिंकविट्झने १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. वाटणीच्या जागी दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबलने खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे दोघांचे तरंग एकत्र वर-खाली होतात, म्हणून बेरीज सपाट येते. सम श्रेणीच्या बटरवर्थ या दुसऱ्या फिल्टरप्रकारात दोघे ३ डेसिबलनेच खाली असतात. ते एका फेजमध्ये जुळले की तिथे ३ डेसिबलचा उंचवटा उभा राहतो.

मोजमापाशिवाय जमेल का?

नाही. अंदाजाने केलेला क्रॉसओव्हर कधीतरी बरा लागतो, पण का बरा लागला हे कळत नाही, त्यामुळे तो सुधारताही येत नाही. आता मायक्रोफोन सोडून बाकी सगळं फुकट आहे. मोजायला आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे सॉफ्टवेअर, सर्किट संगणकावर घडवायला व्हिच्युइक्सकॅड किंवा एक्ससिम. कॅलिब्रेशन फाइल सोबत येणारा कुठलाही मापनाचा मायक्रोफोन चालेल. मोबाइलच्या माइकवर मात्र हे काम करू नका.

ड्रायव्हर पेटीत बसवलेले हवेत, त्यांच्या अंतिम जागी. स्पीकर स्टुलावर चढवून ट्विटर जमिनीपासून १.२ मीटरवर आणा, मायक्रोफोन १ मीटरवर, ट्विटरच्या उंचीला. थेट आवाज १ मीटर चालतो, फरशीवर आपटून येणारा २.६ मीटर. मधल्या १.६ मीटरला साडेचार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. आरईडब्ल्यूच्या इम्पल्सच्या (क्षणिक ठोक्याच्या) चित्रात तो दुसरा उंचवटा स्पष्ट दिसतो. त्याच्या आधीच मोजमापाची ‘खिडकी’ (विंडो) बंद करायची, म्हणजे पुढचा भाग हिशोबातून सोडायचा. मग उरतं ते फक्त स्पीकरचं बोलणं, खोलीचं नाही. किंमत एवढीच की साधारण २१५ हर्ट्झच्या खालचा आलेख विश्वासाचा राहत नाही. तो भाग माइक वूफरच्या शंकूला जवळजवळ टेकवून वेगळा मोजतात आणि जोडून घेतात.

इमारतीची गच्ची मिळाली तर उत्तम, भिंती लांब जातात. वारा पडलेला हवा. घरात करणार असाल तर पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, आणि वेळ रात्रीची.

वूफर आणि ट्विटर वेगवेगळे मोजा, पण माइक आणि आवाजाची पातळी अजिबात हलवू नका. मग तिसरं मोजमाप दोन्ही ड्रायव्हर एकत्र समांतर जोडून. हे तिसरं फार मोलाचं आहे. वूफरचं ध्वनिकेंद्र, म्हणजे आवाज जिथून निघाल्यासारखा वाटतो ती जागा, ट्विटरच्या मागे असतं, बहुधा दोन-तीन सेंटिमीटर. २२०० हर्ट्झला अडीच सेंटिमीटर म्हणजे ५८ अंशांचा फेज. हे अंतर फूटपट्टीने मोजता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या आलेखांची बेरीज करून बघायची आणि ती तिसऱ्या, प्रत्यक्ष मोजलेल्या आलेखावर तंतोतंत बसेपर्यंत अंतर बदलत राहायचं. बसली की ते खरं अंतर.

ट्विटर थेट अँप्लिफायरला जोडताना तीन पथ्यं: आवाज अगदी हळू, स्वीप (मोजणीचा वर सरकत जाणारा सूर) ५०० हर्ट्झपासून वर, आणि अँप्लिफायर आधी चालू करून मग ट्विटरची तार लावायची, म्हणजे चालू होतानाचा ठोका त्याच्या वाट्याला येत नाही.

रोधाचा आलेखही दोन्ही ड्रायव्हरचा मोजून ठेवा. साउंड कार्ड आणि एक रेझिस्टर एवढ्यावर आरईडब्ल्यू तो काढून देतं.

कंपनीने दिलेला आलेख वापरला तर?

तो मोठ्या सपाट फळीवर मोजलेला असतो. तुमच्या २० सेंटिमीटरच्या पेटीत तोच ड्रायव्हर पाच-सहा डेसिबलने वेगळा वागेल. ड्रायव्हर निवडायला तो आलेख ठीक, क्रॉसओव्हर घडवायला नाही.

‘बॅफल स्टेप’ म्हणजे काय?

पेटीच्या रुंदीपेक्षा तरंग लहान असतात तेव्हा सगळा आवाज समोर येतो. तरंग मोठे झाले की ते पेटीला वळसा घालून मागे जातात आणि समोरचा आवाज कमी होतो, सिद्धांताने ६ डेसिबलपर्यंत. हा बदल कुठे होतो याचा ढोबळ अंदाज: ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागा. ०.२ मीटरला ५७५ हर्ट्झ. हे न सांभाळता केलेले घरगुती स्पीकर ओळखू येतात: आवाज कोरडा, गाणाऱ्याच्या छातीचा भाग गायब.

उपाय वूफरच्या कॉइलमध्येच आहे. सूत्राने १ मिलिहेन्री आली होती तिथे १.८ ते २.२ घालायची, म्हणजे ती पाचशे हर्ट्झच्या आसपासपासूनच वरचा भाग हळूहळू दाबू लागते. पूर्ण ६ डेसिबलची भरपाई करू नका. आपल्या फ्लॅटमध्ये स्पीकर बहुतेक भिंतीला लागून असतात आणि भिंत खालच्या सुरांना आधार देते. ४ डेसिबल पुरे, अगदी भिंतीला चिकटून असतील तर ३.

ट्विटर किती दाबायचा?

वूफर ८७ वरून ४ उतरला, राहिला ८३. ट्विटर ९० चा. म्हणजे ७ डेसिबल. एक रेझिस्टर मालिकेत, दुसरा ट्विटरला समांतर: हिशोबाने ४.४ आणि ६.५ ओहम, बाजारात मिळणारे ४.७ आणि ६.८. दोन्ही १० वॅटचे, पांढरे सिमेंटचे चालतात. समांतर रेझिस्टरचा एक फायदा म्हणजे अनुनादापाशी ट्विटरचा रोध चढला तरी फिल्टरला तो फारसा जाणवत नाही.

आपल्या घरांत फरशी उघडी, भिंती सिमेंटच्या, पडदे पातळ. अशा खोलीत वरचे सूर परतून परतून येतात. मोजमापात सपाट दिसणारा ट्विटर इथे अर्धा-एक डेसिबल जास्तच वाटतो. मी तो तेवढा खाली ठेवायच्या बाजूचा आहे.

झोबेल लावायलाच हवा का?

झोबेल म्हणजे वूफरला समांतर जोडलेली रेझिस्टर आणि कंडेन्सरची मालिका; वरच्या सुरांना चढणारा वूफरचा रोध ती सपाट करते. सॉफ्टवेअरमध्ये खरा रोध भरला असेल तर बहुतेकदा गरज पडत नाही. लावायचाच असेल तर रेझिस्टर डीसी रोधाच्या सव्वापट, म्हणजे ७ ओहम, आणि कंडेन्सर सुमारे १४ मायक्रोफॅरड.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात कुठून करू?

वूफरला २ मिलिहेन्री मालिकेत आणि ६.८ मायक्रोफॅरड समांतर. ट्विटरला ५.६ मायक्रोफॅरड मालिकेत, ०.४ मिलिहेन्री समांतर, त्यापुढे वरचे दोन रेझिस्टर. आलेखावर २१०० हर्ट्झच्या लिंकविट्झ-रायली चौथ्या श्रेणीची लक्ष्यरेषा आखून ठेवा. एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या रेषेवर बसतोय का ते बघा. एकूण आलेखाच्या नादी आधीच लागू नका. दोन चुका एकमेकींना झाकून सुंदर रेघ देऊ शकतात, आणि श्रोता जरा बाजूला सरकला की उघड्या पडतात.

पोलॅरिटी सुलटी की उलटी?

कागदावर चौथ्या श्रेणीला सुलटी, दुसऱ्या श्रेणीला ट्विटर उलटा. प्रत्यक्षात ध्वनिकेंद्रांचं अंतर मध्ये येतं, म्हणून तपासूनच ठरवा. ट्विटरच्या दोन तारा अदलाबदल करून मोजा. जुळणी खरंच झाली असेल तर वाटणीच्या जागी वीस-पंचवीस डेसिबलचा खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा दिसेल. तारा परत फिरवल्या की तो भरून सपाट होतो. खड्डा उथळ किंवा एका बाजूला झुकलेला असेल तर फेज अजून जुळलेली नाही. बहुधा ट्विटरकडचा उतार बदलावा लागतो.

कॉइल महाग पडतात. घरी गुंडाळता येतील का?

येतात, आणि चांगल्या होतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल केलेली तांब्याची तार वजनावर मिळते. १८ गेजची घ्या. ४ सेंटिमीटर व्यासाचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा गाभा, दोन बाजूंना प्लायच्या चकत्या, मध्ये २.५ सेंटिमीटर जागा. त्यावर साधारण १५५ ते १६० वेढे भरले की १ मिलिहेन्री होते. तार लागते जवळपास २५ मीटर, वजनाने पाव किलो, आणि रोध येतो ०.३७ ओहमच्या आसपास, जो वूफरच्या कॉइलला छान आहे. दहा वेढे जास्तच घाला आणि एलसीआर मीटर (इंडक्टन्स आणि कंडेन्सरची क्षमता मोजणारा) लावून एकेक सोडत उतरा. तार ताणून, वेढ्याला वेढा लागून बसवा आणि शेवटी वॉर्निश किंवा केबल टायने आवळा. सैल कॉइल मोठ्या आवाजात स्वतःच गुणगुणते. गाभ्यात लोखंडी खिळा किंवा बोल्ट येऊ देऊ नका, इंडक्टन्स बदलतं.

२ मिलिहेन्रीला याच गाभ्याची रुंदी आणि वेढे दोन्ही वाढवावे लागतात. ट्विटरच्या समांतर कॉइलला २० गेजची बारीक तार पुरते.

कंडेन्सर कुठले? पंख्याचे चालतात असं म्हणतात.

चालतात. छताच्या पंख्याला लागणारा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो, आणि ट्विटरच्या मालिकेत आपल्याला तोच प्रकार हवा असतो. २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी असा शिक्का असलेला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, ३.१५ आणि ४ चेही मिळतात. समांतर जोडले की बेरीज होते: २.५ आणि ३.१५ मिळून ५.६५, आपल्या ५.६ च्या अगदी जवळ. नवेच घ्या, पंख्यातून काढलेल्यांची क्षमता उतरलेली असते. विकत घेतलेलाही मीटरवर मोजून वापरा. मोटार सुरू करायला लागणारे ‘स्टार्ट’ कंडेन्सर मात्र वेगळे, इलेक्ट्रोलिटिक असतात; ते घेऊ नका. झोबेलसारख्या जागी बायपोलर इलेक्ट्रोलिटिक चालून जातो.

हजारो रुपयांच्या परदेशी कंडेन्सरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तेच पैसे बऱ्या ट्विटरमध्ये घाला.

अँप्लिफायरला धोका आहे का?

सॉफ्टवेअरमध्ये एकूण रोधाचा आलेख बघा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वात कमी रोध नाममात्र रोधाच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ६.४. तो कुठे ३ ओहमच्या खाली डुबकी मारत असेल तर बहुधा एखादा समांतर कंडेन्सर कॉइलशी अनुनाद साधतोय. ते सुधारल्याशिवाय जोडू नका.

हे सगळं डीएसपीने (डिजिटल सिग्नल प्रोसेसरने) होणार नाही का?

होईल, आणि प्रयोग करायला सोपं जाईल. एडीएयू१७०१ चिपचे छोटे बोर्ड स्वस्त आहेत. अँप्लिफायरची चार चॅनेल मात्र लागतील. मोजमाप तेवढंच काटेकोर लागतं, लक्ष्यरेषाही तीच. ट्विटरच्या मालिकेत एक मोठा कंडेन्सर, ३०-४० मायक्रोफॅरडचा, संरक्षणाला ठेवाच. सॉफ्टवेअरमध्ये एक चुकीची कळ दाबली तरी ट्विटर वाचतो.

ऐकून कसं तपासायचं?

आधी माणसाचं साधं बोलणं, एकाच स्पीकरवर. बातम्या चालतील. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ टोचत असतील तर ट्विटरची पातळी किंवा तीन ते पाच किलोहर्ट्झचा भाग बघा. आवाज डब्यातून आल्यासारखा असेल तर आठशे ते बाराशे.

मग तानपुरा. याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. सूर अखंड चालू असतो आणि जवारीमुळे स्वरांश खालपासून कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात, नेमके वाटणीच्या दोन्ही बाजूंना. जागा जुळलेली नसेल तर तानपुऱ्याचं खोड एकीकडून आणि झणकार दुसरीकडून येतो. डोकं वर-खाली हलवून बघा. थोडा फरक पडणारच, पण खुर्चीत बसण्याच्या उंचीला झणकार अचानक विरायला नको. शेवटी तबला: डग्ग्याची घुमक आणि चाटेवरची टणत्कार एकाच माणसाच्या दोन हातांतून आल्यासारखी वाटली पाहिजे.

निदान आठवडाभर ऐका, मग रेझिस्टर बदला. पहिल्या संध्याकाळी जे झगझगीत आणि स्वच्छ वाटतं, ते पुष्कळदा दीड डेसिबल जास्त झालेला ट्विटर असतं.

क्रॉसओव्हर पेटीत कसा बसवायचा?

आठवडाभराच्या ऐकण्यापर्यंत तो बाहेरच ठेवा, पेटीच्या मागून चार तारा काढून. नक्की झाल्यावर प्लायच्या तुकड्यावर भाग मांडा. कॉइल एकमेकींपासून दूर, आणि अक्ष काटकोनात: एक आडवी पडलेली, दुसरी उभी. जवळजवळ आणि समांतर ठेवल्या तर वूफरच्या कॉइलमधून ट्विटरच्या कॉइलमध्ये सूर गळतो. वूफरच्या चुंबकापासूनही लांब ठेवा. कॉइल बसवायला पितळी स्क्रू किंवा नायलॉनचे पट्टे. रेझिस्टर तापतात, म्हणून ते फळीपासून थोडे उचलून, कंडेन्सरला न टेकवता. सोल्डरआधी तारांना पीळ द्या, नुसत्या डागावर जोड सोडू नका; वूफरच्या हादऱ्याने तो काही महिन्यांत सुटतो. दुसऱ्या पेटीचा क्रॉसओव्हर झाला की तीही त्याच जागी, त्याच पातळीला मोजा. ३०० हर्ट्झच्या वर दोघींत एका डेसिबलपेक्षा जास्त फरक दिसला तर भाग पुन्हा मीटरवर घ्या.